यशवंतीचा दोर

गेल्या पावसाळ्यातली एक लहानशी हकिगत सांगून मी आरंभ करतो. नवी मुंबईत बेलापूरच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी आमची वसाहत आहे. चार दिवस सारखी झड लागली होती. पाचव्या दिवशी सकाळी खाली गलका ऐकू आला म्हणून गॅलरीतून डोकावलो. गटाराच्या सिमेंटच्या नळात काहीतरी शिरले होते आणि बाहेर हातभर शेपटी तेवढी दिसत होती. कोणी म्हणे मगरीचे पिल्लू, कोणी म्हणे अजगर. मी खाली जाईपर्यंत रखवालदार आणि आणखी एक धट्टाकट्टा तरुण, असे दोघे ती शेपटी धरून मागे रेटा देत होते. जनावर बोटभरही सरकेना. एक गृहस्थ काठी घेऊन तयार होते. दुसरे एक, चांगले शिकलेले, मला हळूच म्हणाले, "सर, हिचं तेल गुडघ्याला फार गुणकारी असतं म्हणतात."

शेजारच्या गावठाणातून भाजी विकायला येणारी एक म्हातारी टोपली खाली ठेवून पुढे झाली. "अरं, घोरपड हाय ती. सोडा शेपूट. तिनं काय केलंय तुमचं?" तिच्या आवाजाने दोघांनीही हात सोडले. आणि तेवढ्यात आमच्याच इमारतीतला सातवीतला एक मुलगा माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, दोघांनी ओढूनही निघत नाही. म्हणजे तानाजीची गोष्ट खरी ना?"

मी इतिहास शिकवतो. वीस वर्षे कॉलेजातल्या मुलांना शिकवतो आहे. तरी या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणे मला जमले नाही. तुमच्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांना हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारत असेलच. म्हणून त्या मुलाला मी पुढे तीन-चार संध्याकाळी जे सांगितले, तेच आज तुमच्यापुढे मांडतो.

गोष्ट आपणा सर्वांना पाठ आहे. १६६५ साली पुरंदरचा तह झाला आणि शिवाजी महाराजांना तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले. त्यांत कोंढाणा, म्हणजेच सिंहगड, होता. (सिंहगड हे नाव तानाजीच्या मृत्यूनंतर पडले असे आपण सांगतो खरे, पण १६६३ सालच्या महाराजांच्या पत्रात ते नाव आधीच आलेले आहे. असो.) १६७० च्या ४ फेब्रुवारीच्या रात्री, माघ वद्य नवमीला, तानाजी मालुसरे निवडक मावळे घेऊन गडाच्या पश्चिम अंगाला डोणागिरीच्या कड्याखाली आले. तेथे त्यांनी पेटाऱ्यातून यशवंती नावाची घोरपड काढली, तिच्या कमरेला दोर बांधला आणि तिला कड्यावर सोडले. ती वर जाऊन चिकटून बसली आणि दोराला धरून मावळे वर गेले.

आता हे कोणी लिहून ठेवले आहे ते पाहू. त्या रात्रीच्या सर्वांत जवळचा सविस्तर मराठी वृत्तान्त कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत आहे. सभासद महाराजांच्या पदरचा माणूस. राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून त्याने जिंजीत ही बखर लिहिली, तीही शिवाजी महाराज गेल्यानंतर वीस वर्षांच्या आत. म्हणजे सिंहगडच्या लढाईत असलेली माणसे तेव्हा हयात असणार. सभासद काय सांगतो? तानाजीने दोन चांगले, मर्दाने मावळे निवडले आणि रात्री त्यांना कड्यावर चढवले. ते वानरांसारखे चपळाईने चढले. वर जाऊन त्यांनी माळ लावली. माळ म्हणजे दोराची शिडी. मग त्या शिडीने तानाजीसह बाकीचे लोक वर गेले. पुढे लढाई झाली, तानाजी आणि किल्लेदार उदेभान दोघेही पडले, सूर्याजीने लोकांना सावरून गड घेतला आणि पागेची खोपटी पेटवून राजगडाला खूण केली. हे सगळे सभासदाने दिले आहे. घोरपड मात्र त्याने दिलेली नाही. जो माणूस पागेच्या खोपटांना विसरला नाही, तो एवढ्या नवलाच्या घोरपडीला विसरला असेल असे मला वाटत नाही.

घोरपड येते ती पोवाड्यात. तुळशीदास शाहिराचा सिंहगडचा पोवाडा प्रसिद्ध आहे. परंपरा या शाहिराला शिवकालीन मानते. पण आज आपल्या हाती असलेला पोवाडा गोंधळी आणि शाहीर यांच्या तोंडातून पिढ्यानपिढ्या उतरत, बदलत आलेला आहे. तो छापला गेला १८९१ साली, अ‍ॅकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या पोवाड्यांच्या संग्रहात. हे अ‍ॅकवर्थ साहेब मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर. वडाळ्याचे कुष्ठरुग्णालय आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. गोऱ्या अधिकाऱ्याने रस्ते-गटारांच्या कामातून वेळ काढून आपले पोवाडे जमवावेत याचे मला कौतुक वाटते. त्या पोवाड्यात घोरपड एकदा अर्ध्या वाटेवरून परत फिरते. जणू पुढचा अपशकुन तिला कळला आहे. तानाजी रागावून तिला मारून खाण्याची धमकी देतो आणि मग ती चढते. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा उभा राहतो. शाहिराचे काम तेच आहे, आणि ते त्याने चोख केले आहे. पुढे १९०३ साली हरि नारायण आपटे यांची 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी आली. मग नाटके, चित्रपट, शाळेतली पुस्तके आली आणि यशवंती घराघरांत पोचली.

पण शाहिराला तरी ही घोरपड सुचली कोठून? येथे गोष्ट सिंहगडाहून दोनशे वर्षे मागे जाते. बहामनी राज्याचा वजीर महमूद गावान १४६९ ते १४७२ या काळात कोकणात उतरला होता. खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, हा त्याच्या वाटेतला सर्वांत अवघड किल्ला. सोळा वर्षांपूर्वी, १४५३ साली, त्याच मुलखातल्या जंगलात एक सबंध बहामनी फौज शिर्क्यांनी कापून काढली होती. या खेळण्याच्या वेढ्यात भोसले कुळातले कर्णसिंह आणि त्यांचे पुत्र भीमसिंह यांनी घोरपडीला दोर बांधून तट चढला, कर्णसिंह कामास आले आणि सुलतानाने भीमसिंहांना 'राजा घोरपडे बहादूर' हा किताब दिला, असे मुधोळच्या घोरपडे घराण्याची परंपरा सांगते. घराण्याकडे १४७१ सालचे फर्मानही दाखवतात. मुधोळच्या या फर्मानांच्या खरेपणाविषयी इतिहासकारांत वाद आहे, तो मी येथे उकरून काढीत नाही. आडनाव मात्र खरे आहे आणि त्याचा पसारा केवढा! १६४८ साली जिंजीजवळ शहाजीराजांना कैद करणारे बाजी घोरपडे याच मुधोळचे. औरंगजेबाच्या फौजेची झोप उडवणारे सेनापती संताजी घोरपडे, गुत्तीचे मुरारराव घोरपडे ही पुढची नावे. इचलकरंजीचे घोरपडे तर मूळचे जोशी. नारो महादेव जोशी संताजींच्या आश्रयाने वाढले आणि धन्याच्या उपकारांची आठवण म्हणून त्यांचे आडनाव त्यांनी लावले. एका सरपटणाऱ्या जनावराचे नाव इतक्या मानाने मिरवणारा दुसरा मुलूख मला तरी ठाऊक नाही.

तेव्हा दोर घेऊन चढणारी घोरपड ही कल्पना महाराष्ट्रात आधीपासून फिरत होती. सिंहगडच्या कड्याला ती नंतर येऊन चिकटली असावी, असे माझे मत आहे.

आता दुसरा प्रश्न. असे करणे शक्य तरी आहे का? ग्रंथ बाजूला ठेवून जरा जनावराकडेच पाहू. आपल्या शेताशिवारात दिसणारी घोरपड वाढून वाढून पावणेदोन मीटर लांब होते, आणि त्यात अर्ध्याहून जास्त शेपटी. वजन सात किलोच्या आसपास गेले म्हणजे फार झाले. तिची नखे वाकडी आणि बळकट. झाडावर ती सरसर चढते, कातळावरही चढते. भ्याली की भेगेत किंवा बिळात शिरते, अंगात हवा भरून फुगते आणि नखे रोवून बसते. मग तिला ओढून काढणे कठीण. आमच्या नळात झाले ते हेच. तिच्या अंगात राक्षसी बळ होते असे नव्हे. ती पाचरीसारखी बसली होती, एवढेच. हे ज्याने एकदा पाहिले त्याला दोराची कल्पना सुचणे अगदी साहजिक आहे.

पण कल्पना सुचणे निराळे आणि कडा चढणे निराळे. अंगठ्याएवढ्या जाडीचा शंभर फूट दोर घ्या. तो दोरच घोरपडीपेक्षा जड भरेल. ती तो घेऊन कड्यावर जाणार कशी? बरे, बारीक सुतळी बांधली तर ती नेईल. पण त्या सुतळीने जाड दोर वर ओढून घ्यायला वर कोणीतरी माणूस हवाच! आणि माणूस जर वर पोचलेला असेल तर घोरपडीचे काम उरले काय? शिवाय ती नेमकी हव्या त्या भेगेत जाऊन बसेल आणि तीनशे माणसे चढेपर्यंत हलणार नाही, याची हमी कोण देणार? चढताना एकदा का ती घाबरून मागे वळली की सगळेच मुसळ केरात.

कोणी म्हणतात, घोरपड हे जनावर नसून कड्याला अडकवायच्या लोखंडी आकड्याचे नाव असेल. याला पुरावा नाही. पण कल्पना अगदीच टाकाऊ नव्हे. दंडीच्या 'दशकुमारचरिता'त रात्री घर फोडायला निघालेल्या नायकाच्या सामानात दोराबरोबर 'कर्कटक' आहे. कर्कटक म्हणजे खेकडा. येथे खेकड्यासारखी पकड घेणारे हत्यार. खेकड्याचे नाव हत्याराला मिळते, तर घोरपडीचे का मिळू नये? हा माझा तर्क आहे, इतिहास नव्हे. शिक्षकांनी तो तर्क म्हणूनच सांगावा.

माझ्या छोट्या मित्राने येथे मला अडवले. "सर, खूप मोठी घोरपड असली तर?" प्रश्न बिनतोड होता. माणसाला पेलील अशी घोरपड जगात आहे का? आहे. इंडोनेशियात, बालीच्या पूर्वेला, कोमोडो, रिंचा आणि फ्लोरेस या उष्ण, कोरड्या बेटांवर ती राहते. लांबी तीन मीटरपर्यंत, वजन सत्तर किलो आणि त्याहूनही जास्त. हरणे, रानडुकरे, कधी म्हैसही मारते. १९१० साली तेथल्या डच अधिकाऱ्याच्या कानावर या 'जमिनीवरच्या मगरी'ची वार्ता आली आणि १९१२ साली पीटर औवेन्स या प्राणिशास्त्रज्ञाने तिचे शास्त्रीय वर्णन छापले. आपली घोरपड आणि ती एकाच कुळातल्या. शास्त्रातले या कुळाचे नाव 'वॅरॅनस', आणि ते घोरपडीच्या 'वरल' या अरबी नावावरून आले आहे.

पण गंमत पाहा. कोमोडोची पिल्ले झाडावर राहतात, कारण खाली मोठ्या घोरपडी त्यांनाच खाऊन टाकतात. आणि वाढून जड झाली की तीच पिल्ले चढणे सोडून देतात, अंगाचा भार त्यांना पेलवत नाही. जी चढू शकते तिला माणसाचा भार झेपायचा नाही. जी भार घेईल तिला चढता यायचे नाही. हे ऐकून मुलगा थोडा हिरमुसला. मीही लहानपणी असाच हिरमुसलो असतो.

त्या कोमोडो बेटावरही एक लोककथा आहे. एका राजकन्येला जुळे झाले. एक मुलगा माणसाचा आणि दुसरी मुलगी घोरपडीची. तिचे नाव ओरा. दोघे वेगवेगळे वाढले, आणि पुढे शिकारीत मुलगा तिच्यावर भाला उगारणार तोच आईने प्रकट होऊन सांगितले की ही तुझी बहीण आहे. तेथले लोक आजही या जनावराला ओरा म्हणतात. १९८० साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. तरीही आज जगाच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत तिचे नाव आहे.

आपण आपल्या यशवंतीचे काय केले? हे सांगताना मला संकोच वाटतो. संस्कृतात घोरपडीला गोधा म्हणतात. धनुर्धाऱ्याच्या मनगटावरच्या चामडी पट्ट्यालाही गोधाच म्हणत. म्हणजे लढाईत ती दोराच्या आधी कातड्याच्या रूपाने गेली. मनुस्मृतीने पाच नखांच्या प्राण्यांत जे खाण्याजोगे सांगितले त्यांत ती आहे. एका जातककथेत बोधिसत्त्वच गोधेच्या जन्मात आहे आणि घोरपडीच्या मांसाला चटावलेला ढोंगी तपस्वी त्याच्यावर टपून बसलेला आहे. गौरीच्या कित्येक जुन्या मूर्तींच्या पायाशी गोधा कोरलेली असते. म्हणजे देवीचे वाहन तीच, आणि रश्शातही तीच! कातडे खंजिरीला, चरबी गुडघ्याला, मांस ताकदीसाठी. अलीकडे आणखी एक प्रकार निघाला. 'हत्ताजोडी' नावाची एक मुळी लक्ष्मी येते म्हणून पूजेच्या दुकानांतून भारी किमतीला विकत. २०१७ साली तपासणीत उघड झाले की ती मुळी नसून नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय आहे. देव्हाऱ्यात काय ठेवले होते हे कळल्यावर त्या भाविकांना काय वाटले असेल ते तुम्हीच ताडा.

चरबीने सांधा सुधारतो याला वैद्यकात आधार नाही. तिचा चावा प्राणघातक असतो हा समजही खरा नाही. डिवचली तर चावते, ओरखडते आणि शेपटीचा फटका मारते, इतकेच. शेतकऱ्याचे तर ती कामच करते. किडे, भुंगेरे, उंदीर, खेकडे, साप, मेलेले जनावर, सगळे तिला चालते. अंडी ती पावसाळ्यात बिळात किंवा वारुळात घालते, एका वेळी वीसच्या आसपास. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या पंक्तीला, तिचे नाव आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तिला मारणाऱ्याला तीन ते सात वर्षे कैद आणि कमीत कमी पंचवीस हजार रुपये दंड आहे.

आमच्या भागात तर तिच्यावर दुसरेच संकट आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या पंच्याण्णव गावांच्या ३४४ चौरस किलोमीटर परिसरात नवे शहर उभे राहू लागले. भाताची खाचरे, मिठागरे, खाजणे, खारबंदिस्तीचे बांध, यांवर आज आमची घरे आहेत. त्या जमिनीसाठी १९८४ च्या जानेवारीत जासईच्या बाजूला गोळीबार झाला, पाच माणसे गेली. माणसांनी निदान आपली तक्रार मांडली. बांधातल्या बिळांची दाद कोणी मागायची? उरणला आमच्याकडेही एक द्रोणागिरी आहे, डोंगर आहे, त्यावर जुना किल्ला आहे, आणि आता त्याच नावाची सिडकोची वसाहतही आहे. मी मुलाला नकाशावर दोन्ही नावे दाखवली. सिंहगडचा डोणागिरीचा कडा आणि हा द्रोणागिरी. त्याला त्याचे फार नवल वाटले.

नळातल्या घोरपडीचे काय झाले ते राहिलेच. म्हातारीच्या सांगण्यावरून आम्ही सगळे दूर झालो. मी वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला. दीड तासाने दोघे जण आले. त्यांनी शेपटीला हातही लावला नाही. नळाच्या दोन्ही तोंडांपासून माणसे हटवली आणि नुसते बसून राहिले. पाऊण तासाने, सगळे निवांत झाल्यावर, तिचे अंग सैल पडले आणि ती आपणहून जीभ लपलपत बाहेर आली. अलगद पोत्यात घालून त्यांनी तिला पारसिकच्या डोंगरात सोडले. काठीवाले गृहस्थ तोवर कामावर निघून गेले होते.

शेवटच्या संध्याकाळी मुलाने मला विचारले, "मग सर, आधी वर चढलेले ते दोघे मावळे, त्यांची नावं काय?"

मी बखर उघडून त्याला ती जागा दाखवली. यशवंतीचे नाव सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. रात्रीच्या अंधारात, नुसत्या हातापायांनी तो कडा चढून ज्यांनी माळ लावली, त्या दोघांची नावे सभासदाने दिलेली नाहीत. मुलाने ती ओळ बोट ठेवून दोनदा वाचली आणि माझ्याकडे पेन्सिल मागितली. पुस्तक कॉलेजच्या ग्रंथालयाचे होते, तरी मी त्याला तेथे खूण करू दिली.